मस्कतचा व्हिसा आणि बारा अंडी

कोंबडीखाली ठेवायची अंडी आपण स्वतः बाजारात जाऊन, पारखून आणायची असं मी ठरवलं. एवढंच. शेजारची क्लेमेंटीनमावशी सांगत होती, "माझ्या खुराड्यातली घे." ती घेतली असती तर मी आज वसईतल्या आमच्या पापडीच्या रस्त्याने मान वर करून चाललो असतो.

पण आधी थोडं माझ्याबद्दल. (त्या दिवसांत मी दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नसे.) माझं नाव सिप्रियन. माझे काका फादर आहेत. त्यांच्या ओळखीने सातवीनंतर मला कर्नाटकातल्या एका बोर्डिंगमध्ये पाठवलं. पुढे म्हैसूरला ग्रामविकासाची पदवी घेतली आणि शेवटच्या सुट्टीत कुक्कुटपालनाचा तीन आठवड्यांचा कोर्स केला. दहा वर्षांनी, अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत, मी घरी परत आलो तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन प्रमाणपत्रं, चार खादीचे झब्बे आणि गावासाठी तयार करून आणलेलं उज्ज्वल भविष्य होतं. गावाला याची काही कल्पना नव्हती.

आल्या आल्या माझ्या लक्षात आलं की इकडे इमारती वाढल्यात, बावखलं, म्हणजे वाड्यांमधली जुनी तळी, बुजत चाललीत आणि नाक्यावर ब्रॉयलर कोंबड्यांचा टेम्पो येऊन उभा राहतो. त्या टेम्पोकडे पाहून मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच एक छोटं भाषण केलं. टेम्पोवाल्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती किलो?"

त्याच दुपारी जेवताना पप्पांनी विषय काढला. माझे पप्पा, जोसेफ, केळीची वाडी करतात. बोलतात कमी आणि चहा पितात जास्त. दिवसाला दहा कप. जेवणानंतर लगेच अकरावा.

"रायनचा फोन होता," ते म्हणाले. रायन म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा; आठ वर्षं मस्कतला आहे. "त्याच्या कंपनीत स्टोअरकीपर पाहिजे. आलेला माल उघडायचा, बरोबर आहे का बघायचं, सही करायची. व्हिसा तो पाठवतो म्हणाला."

"मी मस्कतला जाणार नाही."

"मग काय करणार?"

"गावठी कोंबडीची पिल्लं काढणार. गावठी कोंबडी संपली की गाव संपलं, पप्पा!"

पप्पा चहा ढवळत राहिले. आई, म्हणजे मार्था, वाढत होती. माझ्या ताटात एक जास्तीचा बोंबील आला. आईचं मत आमच्याकडे असं ताटातच कळतं. दहा वर्षांनी हाताशी आलेला मुलगा लगेच मस्कतला जाणार म्हणून तिने त्या दुपारी कालवणात मीठ दोनदा घातलं होतं.

"यंत्र आणायला लागेल ना त्याला?" पप्पांनी विचारलं.

"यंत्र कशाला? अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी हेच निसर्गाचं यंत्र. क्लेमेंटीनमावशीची तांबडी कालपासून खुडूक बसलीय. एकवीस दिवसांत दाखवतो. बारा अंड्यांतली किमान दहा पिल्लं!"

"दहा निघाली तर मस्कत रद्द," पप्पा म्हणाले. "नाही निघाली तर बॅग भरायची."

"मंजूर," मी म्हणालो. आईने आणखी एक बोंबील वाढला.

आमच्याकडे जुनी रीत आहे: कोंबडी एकीची, अंडी दुसरीची, पिल्लं निम्मी-निम्मी. पण मला मावशीच्या खुराड्यातली अंडी नको होती. मला शुद्ध गावठी वाण हवा होता, लेखी नोंदीसकट. म्हणून मी वसईच्या बाजारात गेलो.

बाजाराच्या तोंडाशीच काळूराम म्हणून एक म्हातारा पूर्वेकडच्या पाड्यावरून टोपली घेऊन बसला होता. टोपलीत भाताच्या तुसावर अंडी. मी एक उचललं. लहानसं, मळकट, रंग धड पांढरा नाही, धड तपकिरी नाही. दुसरं उचललं तर ते पहिल्याहून लहान.

"बाबा, ही सगळी वेगवेगळी कशी?"

"कोंबड्या येगयेगल्या हायत ना."

"पण आकार? रंग? यात काही एकसारखेपणा हवा की नको?"

काळूरामने माझ्या झब्ब्याकडे पाहिलं, मग चपलांकडे. "पोरा, ती कोंबडी हाय. तिच्या पोटात काय साचा हाय?"

मी हसलो. (कोर्सला गेलेला माणूस न गेलेल्या माणसाकडे पाहून हसतो तसं.) कोर्सच्या पुस्तकात 'देशी अंडे' म्हणून एक रंगीत चित्र होतं, सुंदर तपकिरी. मी पुढे गेलो. कोपऱ्यावरच्या एका दुकानात तशीच अंडी ट्रेमध्ये रांगेत मांडलेली होती. सगळी एका मापाची, फिकट तपकिरी.

"गावठी?"

"शंभर टक्के," दुकानदार म्हणाला.

"रंग याहून जरा गडद नाहीत का? अस्सल गावठी जास्त गडद असतात."

दुकानदाराने मला नीट पाहून घेतलं. मग म्हणाला, "अस्सल पाहिजेत होय! दहा मिनिटं बसा."

तो आत गेला. आतून स्टोव्हचा आणि पातेल्याचा आवाज येत होता. दहाची पंधरा मिनिटं झाली, आणि तो बारा अंडी घेऊन आला. अशी गडद, की पुस्तकातलं चित्र त्यांच्यापुढे फिकं पडावं. हातात घेतली तर कोमट लागली.

"आत्ताच घातलेली दिसतात," मी म्हणालो.

"आत्ताच," तो म्हणाला.

घरी येऊन मी शास्त्रीय पद्धतीने कामाला लागलो. पहिलं अंडं कोमट पाण्यात धुतलं. पाणी तांबूस झालं आणि अंडं बरंच गोरं झालं. मी धुणं लगेच थांबवलं आणि वहीत लिहिलं: 'देशी अंड्यातील रंगद्रव्य पाण्यात विरघळते. मंद सुवास. अधिक संशोधन आवश्यक.' मग बाकीची कोरड्या फडक्याने पुसली आणि सगळ्यांवर पेन्सिलीने एक ते बारा नंबर घातले.

पप्पा येऊन उभे राहिले. त्यांनी सात नंबरचं अंडं उचललं, फिरवून पाहिलं, नाकाशी नेलं आणि हुंगलं. मग आईकडे दिलं. आईनेही हुंगलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी दहा वर्षं घराबाहेर होतो, त्यामुळे माझ्या आईबापांची नजरेची भाषा मला येत नव्हती.

"कुठून आणलीस?" पप्पांनी विचारलं.

"खास निवडून आणलीत."

"दिसतंय." पप्पांनी अंडं परत ठेवलं. "हे बघ, दहाचं राहू दे. एक पिल्लू. एक जरी निघालं तरी मस्कत रद्द."

मला भरून आलं. बापाचा माझ्या कामावर किती विश्वास! मी तेही वहीत लिहून ठेवलं.

त्या संध्याकाळी घरातली दोन्ही माणसं अचानक बाहेर पडली. आईला क्लेमेंटीनमावशीची चाळण परत करायची आठवण झाली, आणि पप्पा केळीच्या गाडीची चौकशी करतो म्हणून नाक्यावरच्या एसटीडी बूथकडे गेले. मी घरी बसून 'वसई गावठी कुक्कुट पुनरुज्जीवन केंद्र' असा बोर्ड रंगवत होतो. 'पुनरुज्जीवन' मावेना म्हणून बोर्ड दोनदा रंगवावा लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधली मिस्सा आटोपून मी अंडी घेऊन मावशीकडे गेलो. तिच्या पडवीत टोपलीत पेंढा घातलेला, पेंढ्यावर तांबडी फुगून बसलेली. मावशी साठीची, विधवा, एकटी. बोलणं तिखट.

"बारा?" तिने मोजून विचारलं. "जोडीची अंडी ठेवत नाय. आनि घरचं एक तरी पायजे, नायतर कोंबडी मनापासून बसत नाय. माझं एक घाल, तेरा कर."

"मावशी, ही अंधश्रद्धा आहे. बाहेरचं अंडं मिसळलं की प्रयोग बिघडतो."

"बाहेरचं? कोंबडी माझी, टोपली माझी, पडवी माझी, आनि अंडं माझं ते बाहेरचं?"

"शास्त्राच्या दृष्टीने, हो."

"बरं बाबा. शास्त्र पन तूच, पाद्री पन तूच." ती हे इतक्या चटकन मानून गेली की मला माझ्या पटवून देण्याच्या शक्तीचं कौतुक वाटलं. "पन एक सांगते. आजपासून एकवीस दीस टोपलीत हात घालायचा नाय. कोंबडीला मीच उठवीन, मीच बसवीन."

आणि तिने ते अक्षरशः पाळलं. रोज दुपारी तांबडी दाणापाण्याला उठायची, तेवढा वेळ मावशी टोपलीवर फडकं टाकून शेजारी स्टुलावर बसायची आणि रोझरीचे मणी ओढत राहायची. मी जवळ गेलो की मणी जोरात ओढायची. मला वाटलं, भाबडी श्रद्धा, असू दे.

पण सातव्या दिवशी अंड्यात जीव धरलाय का हे उजेडावर धरून बघायचं असतं, हे मला कोर्समध्ये शिकवलेलं. मावशी मासळी घ्यायला गेली तेवढ्यात मी टॉर्च आणि पुठ्ठ्याची नळी घेऊन पडवीत शिरलो. तांबडी बसलेलीच होती. मी तिला थोडक्यात माझा उद्देश समजावून सांगितला आणि हात खाली घातला. तिने आधी अंगठ्यावर चोच मारली, मग मनगटावर, मग (मी वाकलो होतो म्हणून) कानावर. तेवढ्यात एक अंडं माझ्या हाताला लागलं. ते घेऊन मी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत पळालो, नळीला लावलं, टॉर्च पेटवली.

आत लाल शिरांचं जाळं! मधोमध एक काळा ठिपका, आणि तो हलत होता!

मी अंधारात एकट्यानेच टाळ्या वाजवणार होतो, पण हातात अंडं होतं. त्यावर पेन्सिलीचा नंबर दिसला नाही. घासून गेला असणार. दुसऱ्या टोकाला काहीतरी काळं लागलं होतं. पेंढ्याची घाण असणार. अंडं परत ठेवताना आणखी चार चोची खाल्ल्या. वहीत लिहिलं: 'नमुना: एक. सफल: एक. सफलतेचं प्रमाण: शंभर टक्के.'

दुपारी जेवताना मी जाहीर केलं. "पप्पा, शंभर टक्के अंड्यांत जीव आहे."

पप्पांना चहाचा ठसका लागला. "शंभर टक्के? तू बघितलंस?"

"डोळ्यांनी. शिरा, ठिपका, सगळं."

"त्या अंड्यांत?"

"त्याच अंड्यांत."

पप्पांनी कप खाली ठेवला. चमत्कारांवर त्यांचा चर्चमध्येच तेवढा विश्वास आहे. आईचं लक्ष तव्यावर होतं. तवा रिकामा होता, पण तिचं लक्ष होतं.

आता शंभर टक्के म्हटल्यावर मला राहवेना. मी घरोघरी जाऊन पिल्लांची नोंदणी सुरू केली. नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या एका शाळासोबत्याने तर गॅलरीसाठी दोन नोंदवली. एकविसाव्या दिवशी पुन्हा रविवारच येत होता, म्हणून मी मिस्सानंतर मावशीच्या अंगणात 'पिल्लू स्वागत समारंभ' ठेवला. अध्यक्ष म्हणून पलीकडच्या आळीतले निवृत्त शिक्षक हरेश्वर गुरुजी. खुर्ची दिली की गुरुजी कशाचेही अध्यक्ष होतात.

त्या रविवारी अंगणात तीसेक माणसं जमली. मी मात्र नोंदणीची यादी पुन्हा पुन्हा मोजत होतो. कारण सकाळपासून टोपलीतून आवाज येत होता तो एकच. मी भाषण सुरू केलं आणि लांबवत नेलं. गावठी कोंबडीवरून गावावर आलो, गावावरून देशावर, देशावरून परत कोंबडीवर. माणसं चुळबुळ करायला लागली. गुरुजींचा डोळा लागला. पप्पा मागे भिंतीला टेकून उभे. आई पुढच्या रांगेत, पदराखाली हात. बोटं हलत होती, म्हणजे रोझरी चालू होती.

आणि तांबडी उठली.

तिच्या पायांमधून एक ओलसर, पिवळट, मुठीत मावेल एवढं पिल्लू बाहेर आलं. टोपलीच्या काठावरून घसरलं, उठलं आणि चिवचिवत सरळ गुरुजींच्या बुटावर जाऊन बसलं. गुरुजी दचकून जागे झाले आणि सवयीने टाळ्या वाजवू लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या. आईने क्रूसाची खूण केली आणि डोळे पुसले.

"पप्पा!" मी ओरडलो. "एक म्हणाला होतात!"

पप्पा पुढे आले. वाकून त्यांनी पिल्लाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, क्लेमेंटीनमावशीकडे पाहिलं. मावशी आभाळाकडे बघत होती. आभाळात काही नव्हतं.

"जिंकलास," पप्पा म्हणाले. "मस्कत रद्द."

बाकीची पिल्लं संध्याकाळपर्यंत येतील असं सांगून मी लोकांना घरी पाठवलं. संध्याकाळी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तांबडी आपलं एकुलतं एक पिल्लू घेऊन अंगणात उकिरडा उकरायला गेली आणि टोपलीकडे तिने वळूनही पाहिलं नाही. मग मीच टोपली रिकामी केली. एक ते बारा, सगळे नंबर जागच्या जागी. पेन्सिलीचा एक आकडासुद्धा पुसला गेला नव्हता. बाजूला फुटलेलं कवच पडलेलं. लहानसं, मळकट, धड पांढरं नाही, धड तपकिरी नाही. त्याच्या एका टोकाला कोळशाने काढलेला क्रूस.

"मावशी," मी म्हणालो, "हे तेरावं अंडं कुठून आलं?"

"कोंबडीच्या पोटातून. आनि कुठून येनार?"

"मी नको म्हटलं होतं ना!"

मावशीने हातातलं सूप खाली ठेवलं. "तुझी आई रडत आली होती त्या सांजेला. म्हनली, पोराने चहाच्या पान्यात बुडवलेली दुकानाची अंडी आनलीत, त्यातून मेल्याला जनमभर पिल्लू निघायचं नाय आनि हा जाईल मस्कतला. तुझं एक खरं घाल. म्हनून घातलं. आनि तू मोजशील म्हनून एकवीस दीस मी त्या स्टुलावर बसले. माझी कंबर गेली तुझ्या शास्त्रापायी."

"चहाच्या?"

"मग काय, तुला वासावरून पन लक्षात आलं नाय? येलची होती त्यात! माझी तांबडी एकवीस दीस हॉटेलासारखी वास मारत होती."

कोंबडी तिची, अंडं तिचं. रीतीप्रमाणे निम्मी वाटणी करायलासुद्धा माझ्या वाट्याचं काही उरलं नव्हतं. ती बारा अंडी मी बादलीत घालून घरी आणली. खोटं यश खिशात घालून जगणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. पैज मी हरलो होतो. कवच हातात धरून मी पप्पांसमोर उभा राहिलो. ते ओट्यावर बसले होते, आई आत चहा गाळत होती.

"पप्पा, ते पिल्लू माझ्या अंड्यातलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"क्लेमेंटीनमावशीच्या अंड्यातलं होतं."

"ते काल कळलं. तिचं तोंड बघून."

"आणि माझी अंडी..."

"चहातली. ते पहिल्याच दिवशी कळलं." पप्पांनी बादलीत डोकावून पाहिलं. "चहा चांगला होता."

मी मान ताठ केली. "म्हणजे मी हरलो. शब्द म्हणजे शब्द. रायनला फोन करा. मी मस्कतला जातो."

आत गाळणं पडल्याचा आवाज आला.

"रायनला फोन झालाय," पप्पा म्हणाले. "तू अंडी आणलीस त्याच संध्याकाळी. नाही म्हणून कळवलं."

"त्याच संध्याकाळी? पिल्लाच्या आधीच?"

आई एका हातात गाळणं आणि दुसऱ्या हातात कप घेऊनच बाहेर आली. "म्हणजे एकवीस दिवस मी रोझरी उगाच केली? दोन नोव्हेना, नऊ-नऊ दिवसांच्या! उपास!"

"तू मला विचारलंस कुठे?" पप्पा म्हणाले.

मला मात्र गहिवरून आलं. हा मितभाषी माणूस! पैज नावापुरती लावून, मनातून पहिल्याच दिवशी माझ्या स्वप्नाला होकार देऊन बसला होता! मी त्यांचे हात धरले. "पप्पा, तुम्हाला माझं काम इतकं पटलं होतं?"

पप्पांनी हात हळूच सोडवून घेतले.

"तसं नाही रे. तिकडे काम काय? आलेला माल उघडायचा, खरा की खोटा बघायचं, सही करायची. मी तुझी बारा अंडी हुंगली आणि मला रायनची काळजी वाटली. आठ वर्षं घालवून त्याने तिथे नाव कमावलंय."

एवढं बोलून त्यांनी आईच्या हातातला कप घेतला आणि माझ्यापुढे सरकवला. रंग माझ्या चांगल्याच ओळखीचा होता, आणि वेलचीही तीच होती.